प्रौढांचे मनोरंजन कसे पाहावे : सोवळे, निषिद्ध आणि जवळीक

आमच्या गुहागर तालुक्यातील गावात भाताची लावणी उरकली की महिन्यातून एका रात्री चार-पाच जोडपी आणि दोन-तीन एकटी राहणारी माणसे आमच्या पडवीत जमतात, आणि प्रौढांसाठी म्हणून तयार झालेला एखादा चित्रपट, वेबमालिका, नाटक किंवा जुनी बैठकीची लावणी घेऊन तिच्यावर बोलतात. पहिल्या दोन बैठका वाया गेल्या. प्रत्येकजण पहिल्याच वाक्यात ‘हे अश्लील आहे’ किंवा ‘यात अश्लील काही नाही’ असा निकाल देत असे, आणि एकदा निकाल लागला की बोलायला काही उरत नसे. तिसऱ्या बैठकीला आम्ही एक वही घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले : सोवळे, निषिद्ध आणि जवळीक. निकाल शेवटी द्यायचा, आधी रकाने भरायचे, एवढाच नियम ठेवला. ती वही कशी वापरावी हे पुढे सांगितले आहे. अठरा वर्षांवरील ज्या वाचकांना असे मनोरंजन लपूनछपून पाहून विसरण्यापेक्षा समजून घ्यावेसे वाटते, किंवा त्याविषयी जोडीदाराशी मोकळेपणाने बोलावेसे वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी आपलेच शब्द गोळा करावेत

वहीचे पहिले पान कोणतीही कलाकृती पाहण्यापूर्वी भरावे. या प्रकाराला आपण आणि आपल्या घरातील माणसे कोणकोणत्या नावांनी ओळखतो, ते आठवून लिहावे. आमच्या पानावर ‘घाणेरडा सिनेमा’, ‘पिवळे पुस्तक’, ‘निळी फिल्म’, ‘आंबटशौकीन’, ‘चावट’, ‘पाचकळ’ आणि ‘तसले काहीतरी’ असे शब्द आले. समोरच्या बाजूला ‘स्वच्छ करमणूक’, ‘निर्मळ विनोद’ आणि ‘सहकुटुंब पाहावे असे’ हे शब्द आले. दोन्ही बाजू वाचून पाहाव्यात. त्यांत वासनेचा उल्लेख जवळजवळ नाही. उल्लेख आहे तो मळाचा, आंबण्याचा, रंगाचा, आणि घरातल्या कोणासमोर काय चालेल याचा. आपली भाषा लैंगिकतेविषयी बोलताना सोवळ्याओवळ्याच्या खोलीतूनच आत शिरते, हे या एका पानावरून कळते.

‘शिवणे’ या क्रियापदापाशी थोडे अधिक थांबावे. सोवळ्यात असलेली आजी नातवाला ‘मला शिवू नकोस’ म्हणत असे, पाळी आलेल्या बाईला ‘कावळा शिवला’ म्हणत, आणि पिंडालाही कावळाच शिवावा लागतो. साध्या स्पर्शासाठी असलेला शब्द विटाळासाठी, स्त्रीच्या शरीरासाठी आणि मरणासाठी वापरला गेला आहे. ज्या घरात स्पर्शाला इतका अर्थ चिकटलेला आहे, तिथल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा साधा हात धरण्याचा प्रसंगही नुसता हात धरण्याचा राहत नाही. प्रौढांचे मनोरंजन हा साठलेला अर्थ वापरते, आणि तो जिथे नसेल तिथे आधी निर्माण करते.

अर्थ कसा चिकटतो, हे समजण्यासाठी आपल्या खळ्याकडे, म्हणजे घरापुढच्या अंगणाकडे पाहावे. शेणाने सारवलेले खळे हे आपल्याकडे शुद्ध मानले जाते. सणाच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम सारवतात. तेच शेण चपलेला लागून माजघरात आले की ती घाण होते. पदार्थ बदललेला नसतो, जागा बदललेली असते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये हाच विचार शास्त्रीय रीतीने मांडला : घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू, आणि जिथे घाणीची कल्पना आहे तिथे जागांची एक व्यवस्था आधीपासून असलीच पाहिजे. वहीच्या पहिल्या दोन रकान्यांत आपण तीच व्यवस्था उलगडून पाहणार आहोत.

सोवळ्याचा रकाना

कलाकृतीची पहिली दहा मिनिटे केवळ या रकान्यासाठी राखून ठेवावीत. या वेळात शुद्ध, पवित्र, अस्पर्श म्हणून काय काय दाखवले जाते, त्याची नोंद करावी : तुळशीवृंदावन, नुकतेच न्हालेले केस, मंगळसूत्र, पांढरी साडी, देवघरातील दिवा, हातावरची मेंदी. पाश्चात्त्य कलाकृती असेल तर ननचा झगा, वधूच्या डोक्यावरची जाळी, रुग्णसेविकेचा गणवेश. ज्याला पुढे भिंत ओलांडायची आहे, त्याला आधी भिंत बांधावी लागते. त्यामुळे कथेचा पुढचा प्रवास बहुधा या पहिल्या दहा मिनिटांतील वस्तूंवरूनच सांगता येतो.

नंतर प्रत्येक वस्तूपुढे ते सोवळे कोणाचे, हे लिहावे. आमच्या वहीत या प्रश्नाचे उत्तर फार एकसुरी निघाले. सोवळे जवळजवळ नेहमी स्त्रीचे असते; पुरुषापाशी गमावण्यासारखे असे काही दाखवलेलेच नसते. कौमार्य हे या बाजारातले सर्वांत जुने भांडवल आहे आणि ते एकाच बाजूच्या शरीरात ठेवलेले आहे. एखादी कलाकृती याला अपवाद असेल, म्हणजे पुरुषाचाही संकोच, त्याचीही लाज, त्याचेही ‘पहिल्यांदा’ असणे ती दाखवत असेल, तर त्याखाली ठळक रेघ ओढावी, कारण अशी कलाकृती बहुधा तिसऱ्या रकान्यातही काहीतरी देऊन जाते.

शुद्धतेची कल्पना पडद्यामागेही काम करते, हे विसरू नये. अमेरिकेतील प्रौढ चित्रपटांच्या व्यवसायात कलाकारांनी दर १४ दिवसांनी लैंगिक आजारांची चाचणी करून घेण्याची पद्धत रूढ आहे, आणि अहवाल चांगला आला तर इंग्रजीतही त्या माणसाला ‘स्वच्छ’ असेच म्हणतात. चाचणी आवश्यक आहे, कामगाराच्या जिवाचा तो प्रश्न आहे. तरी ज्याला आजार झाला तो माणूस त्यामुळे अस्वच्छ कसा ठरतो, हे विचारावे. जपानमध्ये दंडसंहितेच्या कलम १७५ मुळे अशा चित्रफितींत जननेंद्रियांवर धूसर चौकडी टाकावी लागते. बाकी सर्व दिसते, तेवढे दिसत नाही. तिथल्या कायद्याने सोवळ्याची रेघ थेट चित्रावरच ओढली आहे.

या रकान्याचा एक भाग पडद्यावर सापडत नाही. तो इतिहासातून भरावा लागतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका घराचे सोवळे राखण्यासाठी दुसऱ्या कोणाला घराबाहेर ठेवले गेले का, हा प्रश्न प्रत्येक जुन्या प्रकाराला विचारावा. दक्षिण कोकणात देवळांशी बांधलेल्या भाविणी होत्या. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, पालखीसमोरची सेवा त्यांच्याकडे असे. लग्नाचा मान त्यांना नव्हता, आणि गावातील प्रतिष्ठित पुरुषांशी त्यांचे संबंध सर्वांना ठाऊक असूनही त्या संबंधांना नाव नव्हते. पालखीच्या एका बाजूला ओटी भरणारी घरंदाज स्त्री आणि दुसऱ्या बाजूला चवरी ढाळणारी भाविण, अशी ती रचना होती, आणि पहिलीचे पावित्र्य दुसरीच्या असण्यावर टेकलेले होते. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने मुली देवाला वाहणे बेकायदेशीर ठरवले, आणि या समाजातील शिकलेल्या माणसांनी स्वतः पुढे होऊन ही प्रथा मोडण्यासाठी मोठे कष्ट घेतले. त्यांच्या आजीपणजींचा उल्लेख आजही काही ठिकाणी हसण्यावारी होतो, त्याचा मला मनापासून संताप येतो.

तमाशाच्या बाबतीतही हेच विचारावे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे जन्माने ब्राह्मण कुलकर्णी. तमाशाच्या ओढीने त्यांनी जातीची चौकट सोडली, आणि त्यांच्या फडाची नायिका पवळा ही महार समाजातील होती. त्यांच्या लावण्या ऐकायला गर्दी लोटत असे, आणि तरीही त्या दोघांच्या सहवासाने समाज हादरला. शृंगार ऐकायला कोणाची हरकत नव्हती. तो कोणत्या जातीच्या माणसांमध्ये खरोखर घडतो, यावर हरकत होती. हा मुद्दा पुढच्या रकान्यातही लागणार आहे.

निषिद्धाचा रकाना

या रकान्यात उंबरठा शोधावा. कलाकृतीत नेमका कोणता नियम मोडला जातो, तो कोणत्या क्षणी मोडला जातो, आणि मुख्य म्हणजे मोडण्याची परवानगी कोण देते, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी असतात. तिसऱ्यासाठी आपल्याच गावातील शिमगा समजून घेतला तर फार उपयोग होतो.

कोकणातील शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला सुरू होतो आणि त्या तिथीचे नावच फाकपंचमी आहे. फाका म्हणजे होळीभोवती बोंब मारत म्हटलेल्या ग्राम्य, शिवराळ ओळी. ज्या शब्दांसाठी एरवी पोराच्या कानाखाली बसली असती, ते शब्द या दिवसांत वडीलधाऱ्यांच्या देखत म्हटले जातात. आणि याच दिवसांत ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठीच्या ओट्यावर बसते, घरोघरी जाते, खळे सारवून रांगोळी काढलेली असते, सवाशिणी देवीची ओटी भरतात. पालखीबरोबर किंवा तिच्या मागेपुढे काळ्या वेशातला, कमरेला घुंगरू बांधलेला संकासूर येतो, आणि काही गावांत साडी नेसलेला पुरुष गोमू म्हणून नाचतो. अतिशय सोवळे आणि अतिशय ओवळे एकाच अंगणात, एकाच आठवड्यात उभे असतात. परवानगी देवीची असते, पंचांगाची असते, आणि गावकीची असते; आणि तीच मंडळी ती परवानगी परतही घेतात. शिमगा गेला तरी कवित्व उरते असे आपण म्हणतो, पण ते कवित्व कोणी श्रावणात म्हणू लागला तर त्याला गावात बसायला जागा मिळत नाही.

रत्नागिरीकडच्या नमनात हीच परवानगी रंगमंचावर आलेली दिसते. मृदंग आणि टाळांच्या साथीने आधी गण होतो, म्हणजे देवाला वंदन होते. मग गवळण येते : दूधलोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची पुढारीण मावशी, त्यांची वाट अडवणारे कृष्ण आणि पेंद्या. मावशी हा साडीतला पुरुष असतो आणि त्याच्या तोंडी असलेले दुहेरी अर्थाचे संवाद ऐकून म्हाताऱ्याकोताऱ्या बायकाही पदर तोंडाला लावून हसतात. त्यानंतर वग, म्हणजे बहुधा पौराणिक कथेचे नाट्य, येतो आणि मंडळी पुन्हा गंभीर होतात. चावट भाग दोन बाजूंनी देवाच्या नावाने बांधलेला आहे, आणि त्याला सुरुवात आहे तसा शेवटही आहे. सिंधुदुर्गातील दशावतारातही रात्रीचा खेळ गणपतीच्या पूजनाने सुरू होतो आणि स्त्रीभूमिका पुरुष करतात. स्त्रीचा शृंगार तिथे पुरुषाच्या अंगावरून दाखवला जातो, त्यामुळे प्रेक्षक शृंगाराचे कौतुकही करू शकतो आणि कोणत्याही प्रत्यक्ष स्त्रीकडे बोट न दाखवता घरी जाऊ शकतो.

आता हाच प्रश्न मोबाइलवरील चित्रफितीला विचारावा. परवानगी कोण देते? ‘मी १८ वर्षांचा आहे’ या चौकटीवर टेकवलेले बोट. तिला पंचांग नाही, गाव नाही, संपण्याची वेळ नाही, आणि बरोबर हसणारे कोणी नाही. निषिद्धाचा जुना खेळ समूहात होत होता म्हणून त्यातील लाज वाटून घेतली जात होती. आज ती एकट्याने सोसावी लागते, आणि पुष्कळ तरुण मुले आपल्यातच काहीतरी बिघडले आहे असे समजून बसतात. जुना काळ चांगला होता असे मला म्हणायचे नाही. त्या हसण्याची किंमत कोणत्या बायका मोजत होत्या, ते वर लिहिलेच आहे.

पुढची कृती प्रत्यक्ष करून पाहण्यासारखी आहे. ज्या नात्यामुळे प्रसंग निषिद्ध ठरतो, ते नाते सांगणारा शब्द मनातल्या मनात काढून टाकावा आणि प्रसंग बदलतो का ते पाहावे. गेल्या दशकात परदेशी संकेतस्थळांवर सावत्र नात्यांच्या कथानकांचा सुळसुळाट झाला, आणि त्यांपैकी बहुतेकांत ते नाते पहिल्या मिनिटातील एका वाक्यापुरतेच असते. ते वाक्य काढले तर पुढचे काहीच बदलत नाही. निषिद्ध हे तिथे बाटलीवरचे लेबल आहे. आपल्याकडे त्या लेबलाची जागा वहिनीने घेतली आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या आणि २००९ मध्ये सरकारने बंद केलेल्या एका व्यंगचित्रमालिकेची नायिका विवाहित ‘भाभी’ होती, आणि बंदीनंतर तिची नक्कल करणाऱ्यांची रांग लागली. कोकणातल्या एकत्र घरात दीर-भावजयीच्या नात्याला किती पदर असतात, ते आपल्याला माहीत आहे : थट्टा आहे, धाक आहे, आजारपणातली सेवा आहे, वाटणीचे भांडण आहे, मुंबईला गेलेल्या भावाची अनुपस्थिती आहे. ज्या कलाकृतीत नात्याचा शब्द काढल्यावर कथा कोसळते, तिनेच त्या निषिद्धाचा खरोखर विचार केलेला असतो.

या रकान्याच्या तळाशी, कलाकृतीने ज्या निषिद्धाला हातच लावलेला नाही, तेही लिहावे. नात्यांचे नियम धडाधड मोडणाऱ्या मालिकांत जात बहुधा जागच्या जागी असते. पाळी नसते. साठीच्या माणसांची इच्छा नसते, आणि असलीच तर विनोदासाठी असते. अपंग शरीर नसते. ज्या नियमांच्या मोडण्याने प्रेक्षकाला गुदगुल्या होतात ते मोडले जातात आणि ज्यांच्या मोडण्याने त्याची झोप उडेल ते तसेच ठेवले जातात, हे दोन-चार पाने भरल्यावर कोणाच्याही ध्यानात येते.

जवळिकीचा रकाना

हा रकाना भरायला सर्वांत अवघड आहे, कारण आपण शरीरे जवळ आली म्हणजे माणसे जवळ आली असे धरून चालतो. त्यासाठी काही साधी मोजमापे वापरावीत. पहिल्या स्पर्शापूर्वी दोघांमध्ये किती बोलणे झाले? दोघे एकमेकांना नावाने हाक मारतात का? कोणी थांबते का, विचारते का, नको म्हणते का, आणि नको म्हटल्यावर काय होते? कोणी हसते का? चेहरे किती वेळ दिसतात? आणि प्रसंग संपल्यावर कॅमेरा किती वेळ तिथे राहतो? या शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. पाठ टेकून पडलेली दोन माणसे छताकडे पाहत काय बोलतात, हे दाखवण्यात ज्याला रस आहे, त्याला माणसांत रस आहे. शंका असेल तर प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवावा. दोन्ही वेळा कोणत्या व्यक्तीविषयी काहीच कळले नाही, ते लिहावे.

चित्रपटातील जवळीक आता कशी घडवली जाते, हेही माहीत असावे. गेल्या काही वर्षांत इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग बसवून देणारी व्यक्ती, ही कामगिरी रुजली आहे आणि भारतातही ती केली जाते. नट आणि नटी यांची कोणत्या स्पर्शाला संमती आहे ते आधी ठरते, अंगाला लागून झाकणारी वेगळी वस्त्रे वापरली जातात, चित्रीकरणाच्या जागी मोजकीच माणसे थांबतात, आणि प्रत्येक हालचाल नृत्यासारखी बसवली जाते. पडद्यावरची उत्कट मिठी इतकी मोजूनमापून केलेली असते, हे ऐकून आमच्यातील काहींचा रसभंग झाला. मला मात्र त्यात मोठा दिलासा वाटतो, कारण जिथे आधी ठरवलेले नसते तिथे दिसणारा संकोच हा अभिनय आहे की खरी भीती, हे प्रेक्षकाला कधीच कळू शकत नाही.

बैठकीच्या लावणीत जवळीक डोळ्यांतून होते. नऊवारीत नखशिखान्त झाकलेली कलावंत मोजक्या श्रोत्यांसमोर बसून एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा वेगळी अदा करते आणि प्रत्येक श्रोत्याला ती आपल्याकडेच पाहत असल्याचा भास होतो. गिरणीत कामाला गेलेला रत्नागिरीचा माणूस लालबागला तमाशाच्या थिएटरात बसून असाच ऐकत असे. त्याची बायको गावी, तो खोलीत आठ-दहा जणांबरोबर, भेट शिमग्याला नाहीतर गणपतीला. आणि लावणीतली स्त्री गात असे ती परगावी गेलेल्या धन्याच्या विरहाची तक्रार. म्हणजे तो स्वतःच्या बायकोची तक्रार दुसऱ्या बाईच्या तोंडून, पैसे देऊन ऐकत होता. या माणसाला नुसते रंगेल ठरवून मोकळे होता येत नाही.

आजचा त्याचा वारस पैसे भरून चित्रांबरोबर संदेशही विकत घेतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ओन्लीफॅन्स या सेवेत ग्राहक चित्रासाठी पैसे मोजतो, तसेच ‘आज कसा आहेस?’ या वाक्यासाठीही मोजतो, आणि लोकप्रिय खात्यांवर ही उत्तरे पुष्कळदा त्या कामासाठी ठेवलेली वेगळीच माणसे लिहितात. याच सेवेने ऑगस्ट २०२१ मध्ये उघड लैंगिक चित्रणावर बंदी जाहीर केली होती आणि आठवड्याभरात ती मागे घेतली. त्या बंदीला कारण म्हणून बँकांचे आक्षेप पुढे आले होते. सोवळे कोण ठरवतो, या प्रश्नाच्या उत्तरात आता देऊळ आणि गावकी यांच्या जोडीला बँकही लिहावी लागते.

कायद्याची मर्यादा

इथे थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. प्रौढाने खासगीत प्रौढांचे चित्रण पाहणे आणि ते दुसऱ्याला पाठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अश्लील मजकूर विकणे, वाटणे वा प्रदर्शित करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ खाली गुन्हा आहे. उघड लैंगिक चित्रण इंटरनेटवरून पाठवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲपवरचा गट त्याला अपवाद नाही. मुलांचे असे चित्रण पाहणे, साठवणे किंवा पुढे ढकलणे हा सरळ गुन्हा आहे, आणि त्यासंबंधी या वहीत कोणताही रकाना नाही. ते दिसले तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. संमतीशिवाय चोरून टिपलेले चित्रण पाहणे म्हणजे त्या व्यक्तीच्या छळात सामील होणे, म्हणून तेही आम्ही बैठकीत आणू देत नाही.

कायद्याची रेघ नेहमी योग्य जागी असतेच असे मात्र नाही. दापोली तालुक्यातील मुरुडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे आणि आत संततिनियमनाची, लैंगिक आरोग्याची माहिती. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हेच तेव्हा ओवळे ठरले. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरवताना समकालीन समाजाची दृष्टी आणि संपूर्ण संदर्भ पाहावा असे सांगितले. आमच्या वहीतील ‘निकाल शेवटी’ हा नियम त्याच्याशी जुळतो, याचे मला समाधान वाटते.

एक पान भरून पाहू

समजा, एक काल्पनिक मालिका आहे. समुद्राकाठचे कौलारू घर, नवी सून, मुंबईला नोकरीत असलेला नवरा, आणि नारळीपोफळीची बाग पाहणारा अविवाहित दीर. पहिल्या प्रसंगात सून ओल्या केसांनी तुळशीला पाणी घालते. सोवळ्याच्या रकान्यात तुळस, केस, मंगळसूत्र असे लिहावे, आणि ‘कोणाचे?’ याखाली फक्त सुनेचे नाव. तिसऱ्या भागात पावसात वीज जाते आणि दोघे एका खोलीत सापडतात. परवानगी कोणी दिली? पावसाने. म्हणजे निर्णय कोणीच घेतला नाही आणि जबाबदारीही कोणावर नाही; ही पळवाट या प्रकारात फार वापरली जाते, तिची आवर्जून नोंद करावी. ‘दीर’ हा शब्द काढून ‘शेजारी’ घातला तर काय बदलते? आमच्या मते या कथेत काहीच बदलले नसते, कारण सासू, वाटणी, नवऱ्याचा रोजचा फोन यांपैकी कशाचाही तिथे पत्ता नाही. जवळिकीच्या रकान्यात, दोघे चार भागांत एकमेकांशी सतरा वाक्ये बोलतात आणि सून एकदाही दिराला नावाने हाक मारत नाही, असे लिहावे लागले असते. आता निकाल द्यावा. अश्लीलतेपेक्षा वेगळाच शब्द सुचतो : ही मालिका आळशी आहे.

जोडीदाराबरोबर ही वही भरायची असेल तर दोघांनी आपापले पान वेगळे लिहावे आणि मगच अदलाबदल करावी. समोर बसून बोलताना एकजण दुसऱ्याला आवडेल तेच बोलू लागतो. ‘तुला हे आवडले का?’ असे विचारण्यापेक्षा ‘तुझ्या तिसऱ्या रकान्यात काय आहे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस बचावात जातो, दुसऱ्याने वही उघडतो. जोडीदाराला पाहायचेच नसेल तर आग्रह करू नये. पाहणे थांबवता येत नाही, झोप आणि काम बिघडते, किंवा खऱ्या माणसाची जवळीक नकोशी होते, असे कोणाच्या पानावर दिसले तर ते बैठकीत वाचू नये. त्या व्यक्तीला एकटे गाठून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याविषयी शांतपणे सुचवावे.

बैठकीत एकमेकांची पाने मोठ्याने वाचण्याची सक्ती नसावी. आमच्याकडे एक ताई येतात. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर आहेत, आठ-नऊ महिन्यांनी घरी येतात. त्या कधीच काही वाचत नसत. गेल्या भाद्रपदात त्यांनी आपण होऊन वही पुढे केली. पहिले दोन रकाने रिकामे होते. तिसऱ्यात कोणत्याही मालिकेविषयी काही नव्हते; जहाज बंदराला लागले की येणाऱ्या फोनवर यजमानांनी उच्चारलेली पहिली वाक्ये त्यांनी तारखांसह लिहून ठेवली होती. एका ओळीत होते, ‘पाऊस लागला का गं?’ दुसऱ्या ओळीत, ‘आज काय केलंस जेवायला?’